खापराचं नाणं

"मी ऐकलं नाही, तर मला माहीत नाही," सुकार्दी म्हणाला. "आणि मला माहीत नाही, म्हणजे उद्या कुणी कुराणावर हात ठेवायला लावला तरी मी खोटं बोललेलो नाही. म्हणून म्हणतो मुर्ती, मला काही सांगूच नकोस."

मुर्तियाचे दोन्ही हात तांदळाच्या हिरव्या पिठात होते. दुपारच्या दवेत या गोड पेयासाठी ती चाळणीतून शेवया पाडत होती, आणि त्या खालच्या गार पाण्यात तुटून पडत होत्या. नारळाचं दूध काढून झालं होतं, चुलीवर ताडगूळ वितळत होता. तिने कपाळावरचा घाम दंडाला पुसला.

"तुम्हाला माहीत नाही असं या घरात काय आहे हो?"

"माहीत असणं वेगळं, कानावर येणं वेगळं."

कालवे खात्यात तीस वर्षं कारकुनी केलेल्या माणसाचं हे बोलणं होतं, आणि त्याच्या परीने ते बरोबरही होतं. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. लेक किनांती उद्या लेफ्टनंट हार्जितोची बायको होणार होती. ओसरीवर नवऱ्याकडची माणसं बसली होती आणि त्यांत नवऱ्याची आत्या हापसारी, म्हणजे एका कर्नलची बायको, शेंगदाणे खात होती. अशा दिवशी भिंतींना कान असतात हे सुकार्दीला कुणी शिकवायला नको होतं.

"मी परवा मशिदीतल्या म्हाताऱ्या उस्तादांना विचारून आले," मुर्तिया म्हणाली. "मैत्रिणीच्या मुलीचं म्हणून विचारलं. ते म्हणाले, सख्खा बाप जिवंत असताना वली, म्हणजे मुलीचा निकाह लावून देणारा, तोच. दुसराच कुणी वली म्हणून बसला तर तो निकाहच नाही. पोरगी जन्मभर हरामात राहील."

सुकार्दीने दोन्ही हात कानांवर ठेवले. मुर्तियाने आवाज वाढवला नाही, पण थांबलीही नाही.

"आणि म्हणाले, बापाने तोंडी मुखत्यारी दिली तर चालतं. कागद नको, शिक्का नको. त्याने तुम्हाला एवढंच म्हणायचं, ही माझी मुलगी, माझ्या वतीने हिचा निकाह तू लावून दे. तुम्ही म्हणायचं, कबूल. झालं."

"काही ऐकू येत नाही मला," सुकार्दी म्हणाला आणि बाहेर जाऊन पाहुण्यांसाठी चटया झटकू लागला. झटकलेल्याच चटया तो पुन्हा झटकत होता.

याचं मूळ चोवीस वर्षांपूर्वीचं. पासष्ट सालाच्या अखेरीस मुर्तियाच्या थोरल्या भावाला, प्रावोतोमास्तरला, शाळेतून उचलून नेलं. तो शिक्षकांच्या ज्या संघटनेत होता ती रातोरात देशद्रोही ठरली होती. मागे बायको आणि पाच महिन्यांची खोकणारी मुलगी, हीच किनांती. आमच्याकडे पोर सारखं आजारी पडलं की त्याला टोपलीत घालून उकिरड्यावर टाकतात. आधी ठरवलेलं माणूस झाडू घेऊन येतं, टोपली झाडल्यासारखं करतं आणि ओरडतं, अगंबाई, हे कुणाचं पोर? मला सापडलं! म्हणजे पोराच्या मागे लागलेल्या पीडेला त्याचा माग लागत नाही. पुढे पोर सुधारलं की आईबाप चार नाणी देऊन ते परत विकत घेतात.

त्या आठवड्यात मुर्तियाच्या आईने हेच केलं. झाडू मुर्तियाच्या हाती होता. फक्त त्यानंतर म्हातारी नातीला घेऊन घरी परतली नाही, तशीच गावच्या कचेरीत गेली आणि सापडलेलं पोर तिने मुर्तिया आणि सुकार्दी यांच्या नावावर लावून टाकलं. त्या दिवसांत पोरांना शोधत फक्त पीडाच येत नव्हती.

प्रावोतोची बायको दोन वर्षांत तापाने गेली. तो स्वतः तेरा वर्षांनी दूरच्या एका बेटावरच्या छावणीतून सुटून आला, तेव्हा त्याच्या ओळखपत्रावर क्रमांकाशेजारी दोन अक्षरं छापलेली होती. त्यांचा अर्थ, माजी राजबंदी. ती अक्षरं ज्याच्या कार्डावर, त्याच्या मुलांना, भावंडांना, व्याह्यांना सरकारी नोकरी नाही, लष्करातला नवरा नाही. 'घराणं स्वच्छ' असल्याचा दाखला मिळत नाही. म्हणून सुकार्दीने नोकरीच्या तक्त्यात लिहिलं होतं, पत्नीची भावंडं: नाहीत.

"घर तर मी रोज दोनदा झाडते," मुर्तिया तेव्हा म्हणाली होती. "आणि तुमच्या एका रेघेत माझा सख्खा भाऊ जन्मालाच यायचा राहिला." दर ईदेला ती हे एकदा तरी म्हणतेच.

*

प्रावोतो मागच्या अंगणात विहिरीपाशी खापरं घडवत बसला होता. फुटक्या मडक्यांचे तुकडे, हातोडीने टोकं उडवायची आणि दगडावर घासून गोल करायचे. दुपारी नवरीची आई दवेतचं दुकान मांडते आणि पाहुणे या खापराच्या नाण्यांनी ते विकत घेतात, ही रीत. शिकवायला बंदी झाल्यापासून तो कबुमेन गावात छत्र्या दुरुस्त करायचा. हाताला बारीक कामाची सवय होती.

"दादा, दोन वाक्यं आहेत रे फक्त," मुर्तिया त्याच्यासमोर उकिडवी बसली.

"तेव्हाही एकच शब्द होता." त्याने खापरावर फुंकर मारली. "त्यांनी विचारलं, याला ओळखतोस का? मी म्हटलं, ओळखतो. मला वाटलं, माझा मित्र आहे म्हटलं तर त्याला मदत होईल. तो माणूस पुन्हा कुणाला दिसला नाही. मी ज्याला माझा म्हणतो त्याचं काय होतं ते मी पाहिलंय, मुर्ती."

"इथे कोण ऐकतंय?"

"ओसरीवर कर्नलची बायको आहे."

"मग हळू म्हण. आत्ता म्हण. मी त्यांना ओढून आणते इथे."

"तो येणार नाही. आणि त्याचं चूक आहे असं मला वाटत नाही. त्याने तिला वाढवली, शिकवली. ताप आला तेव्हा तो जागला." प्रावोतोने हातोडी खाली ठेवली. "शिवाय ती माझी कुठे आहे? झाडून तू नेलीस. परत विकत घ्यावी लागते, ती मी कधी घेतली? जी माझी नाही तिची मुखत्यारी मी कशी देऊ?"

"रीत सांगतोस मला! आईने ते सरकारला फसवायला केलं होतं."

"सरकार फसलं ना? मग फसलेलंच राहू दे. मी उद्या पहाटेच्या गाडीने जातो. निकाहाच्या वेळी इथे नसलेलाच बरा."

मुर्तियाला रडू आलं, आणि रडू आलं की तिला राग येतो. "जा. गेलास तेव्हाही न सांगताच गेला होतास," ती म्हणाली आणि उठून गेली. हे बोलायला नको होतं हे तिला स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत पोचायच्या आत कळलं.

प्रावोतोने पुढचं खापर उचललं. तेवढ्यात आळीप्रमुख दुलकामिद बिस्किटांचा लाल पत्र्याचा डबा बगलेत मारून आला. मुक्कामाला आलेल्या पाहुण्यांची कार्डं एका दिवसाच्या आत आळीप्रमुखाने पाहायची, असा नियम. लग्नघर म्हणून त्याने डबाच फिरवला होता.

"मास्तर, कार्ड."

प्रावोतोने आतल्या खिशातून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं कार्ड काढलं. ते धरताना त्याचा अंगठा आपोआप त्या दोन अक्षरांवर जायचा. बसमध्ये, बाजारात, चौकीवर, सगळीकडे. दुलकामिदने कार्ड घेतलं, पाहिलं नाही, डब्यातही टाकलं नाही. शर्टाच्या खिशात घातलं आणि वर विड्यांचं पाकीट ठेवलं.

"अहो प्रमुख!" हापसारी पदार्थांची ताटली घेऊन अंगणातच आली. "माझं कार्ड द्या परत. फोटो इतका वाईट आलाय, बायका डबा उघडून हसत बसतील." तिने ताटली विहिरीच्या कठड्यावर ठेवली आणि सरळ डब्यात हात घातला. एकेक कार्ड बाहेर काढून बघायला लागली. "हा कोण? देवा, हा तर पोलिसांनी पकडल्यासारखा दिसतो. ही आमची जाऊ, हिचं वय बघा किती कमी लावलंय!"

प्रावोतो खापर घासत राहिला.

"मिळालं." हापसारीने आपलं कार्ड पदराआड केलं आणि प्रावोतोकडे पाहिलं. "तुम्ही नवरीचे कोण?"

"शेजारी. गावाकडचा."

"खापरं छान करता. हल्ली कुणाला जमत नाहीत." तिने त्याला ताटलीतली एक तळलेली केळ्याची भजी दिली आणि गेली.

ती दिसेनाशी झाल्यावर दुलकामिद कठड्यावर टेकला. "वरून दर महिन्याला मला विचारतात," तो विडी पेटवत म्हणाला. "सुकार्दीकडे कोण येतं, कोण जातं. मी सांगतो, गावचा शेजारी येतो, पेरू आणतो, छत्र्या नीट करून देतो, जातो. गेली दहा वर्षं हेच सांगतोय. माझ्यासुद्धा तीन छत्र्या तुम्ही नीट केल्यात, मास्तर. पैसे घेतले नाहीत."

प्रावोतोने अर्धी भजी त्याला दिली.

*

आतल्या खोलीत किनांती मोगऱ्याची जाळी खांद्यावर घेऊन बसली होती आणि मुर्तिया तिच्या केसांना तेल लावत होती. तेल जरा जास्तच जोरात लागत होतं.

"मामा नाही म्हणाला ना?"

मुर्तियाचा हात थांबला. "कशाला नाही म्हणाला?"

"आई, स्वयंपाकघराच्या खिडकीला गज आहेत. काच नाही." किनांती मागे वळली नाही. "आणि मला आज कळलं असंही समजू नकोस. शाळेत आमच्या वर्गात आणखी दोन उकिरड्यावरच्या मुली होत्या. त्यांची गोष्ट शेवटी बाबांनी विकत घेतलं इथे संपायची. माझी नेहमी झाडूपाशीच संपायची. मी विचारायचे, मग मला विकत कुणी घेतलं? तू म्हणायचीस, झोप आता."

मुर्तियाने तेलाची वाटी खाली ठेवली.

"मग मामा आला. मी तेरा वर्षांची होते. घरी येणारा प्रत्येक नवा माणूस मुलांना पहिलं विचारतो, बाळ, नाव काय तुझं? मामाने नाही विचारलं. नुसता बघत राहिला, आणि मग चहा सांडला त्याने."

मुर्तियाला तो चहा आठवत होता. चटईवरचा डाग दोन वर्षं गेला नव्हता. तिने किनांतीच्या डोक्यावर कपाळ टेकलं आणि मनसोक्त रडून घेतलं. इतकी वर्षं लपवलेलं पोरीनेच सांभाळून ठेवलं होतं याचं तिला वाईटही वाटलं आणि हलकंही वाटलं.

"हार्जितोला माहीत आहे," किनांती म्हणाली.

"अगं!"

"घराण्याच्या चौकशीला लष्कराचा माणूस येऊन गेला त्याच आठवड्यात सांगितलं. तो म्हणाला, तोंडाने सांगितलंस ते बरं केलंस, कधी लिहून देऊ नकोस. आणि विचारलं, लग्नात पाया पडताना मी आधी कुणाच्या पडू?"

"काय सांगितलंस?"

"म्हटलं, सगळ्यांच्याच पड, कुणाला कळायचं नाही." ती हसली, पण लगेच गंभीर झाली. "आई माझी तूच, आणि बाबा तेच ज्यांनी मला सायकल शिकवली. त्यात काही बदलायचं नाही. पण खोट्या कागदावर मी जगेन गं, सगळे जगतात. निकाह खोटा नको मला. एकदा त्याने म्हणायला हवं."

"तो म्हणतो, मी परत विकत घेतली नाही, माझा हक्क नाही. अडून बसलाय."

किनांतीने आता मान वळवली. "मग तू आज दुकान मांडतेच आहेस की."

*

नवरीचं न्हाणं झालं. सात विहिरींच्या पाण्यात गुलाबाच्या पाकळ्या होत्या. पहिलं पाणी सुकार्दीने घातलं आणि त्यातलं अर्धं त्याच्याच पायांवर पडलं. पोरीला कोरडं करून आत नेलं, आणि अंगणात मुर्तियाने दवेतचं मडकं मांडलं. रीतीप्रमाणे सुकार्दी तिच्यावर छत्री धरून उभा राहिला. छत्री प्रावोतोनेच नव्या काड्या घालून दिली होती.

"या, या, गोड दवेत! उधारी नाही!" मुर्तिया ओरडली.

पाहुण्यांची झुंबड उडाली. हापसारीने एका खापरात दोन वाट्या मागितल्या आणि भाव केला. दुलकामिदने फुटकं खापर चालवायचा प्रयत्न केला, तेव्हा बायकांनी त्याला पकडलं. मुर्तिया हसत होती, वाढत होती आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून विहिरीकडे पाहत होती. प्रावोतो तिथेच बसून होता. मडकं निम्म्यावर आलं, मग तळाला आलं. पाहुणे रिकाम्या वाट्या ठेवून पांगायला लागले तरी तो उठला नाही.

तिने शेवटचा डाव मडक्याच्या तळाशी खरवडला आणि मोठ्याने हाक मारली. "काय हो शेजारी! सकाळपासून नाणी पाडताय, गिऱ्हाईक व्हायचं काही मनात आहे का? दवेत संपलं. पण दुकानात एक जुना माल पडून आहे. चोवीस वर्षांपूर्वी उकिरड्यावरून झाडून आणला होता. मालकाने सोडवून न्यायचा राहिलाय."

सुकार्दीच्या हातातली छत्री हलली. "मुर्ती," तो दातांत म्हणाला.

"अगंबाई!" हापसारीने टाळी वाजवली. "आपली नवरी उकिरड्यावरची? आमचा धाकटा भाऊही तसलाच. तीन नाण्यांत घेतला परत, महागच पडला!"

सगळे हसले. पांगलेले पाहुणे परत गोळा झाले. प्रावोतो उभा राहिला. हातात शेवटचं घासलेलं खापर होतं. तो अंगण ओलांडून येत होता, आणि मुर्तियाला वाटलं, हा आता वळून फाटकाबाहेर जाईल.

त्याने खापर तिच्या तळहातावर ठेवलं. "हे घे. माल दे."

"पण विकत बापाने घ्यायचं असतं," हापसारी म्हणाली. ती गमतीतच म्हणाली, पण अंगणातल्या चार माणसांना ती गंमत वाटली नाही. "शेजाऱ्याचं काय काम?"

"बापाचे हात छत्रीत अडकलेत, बाईसाहेब," दुलकामिदने मागून आवाज दिला. "शेजारधर्म म्हणून काही असतो की नाही? माझ्या आळीत मी परवानगी देतो."

पुन्हा हशा पिकला. मुर्तियाने मूठ मिटली. खापर अजून घासल्यामुळे गरम होतं. "सौदा असा मुक्याने पक्का होत नाही," ती म्हणाली. "काय घेतलंस ते बोल. मोठ्याने."

प्रावोतोने एकदा सगळ्या चेहऱ्यांकडे पाहिलं. सगळे हसरे होते, सगळे बघत होते. आयुष्यभर तो अशा बघणाऱ्या डोळ्यांना घाबरला होता.

"माझी मुलगी," तो म्हणाला.

मग सुकार्दीकडे वळला आणि न अडखळता, वर्गात धडा सांगावा तसं स्पष्ट बोलला. "सुकार्दी, किनांती माझी मुलगी आहे. उद्या माझ्या वतीने हिचा निकाह हार्जितोशी तू लावून दे."

"वा, शेजारी! घेतली नाही तोच देऊनही टाकली!" कुणीतरी ओरडलं, आणि बायकांचं हसू थांबेना.

सुकार्दी हसला नाही. नुसतं हसून वेळ मारून नेणं त्याला सोपं होतं, मुर्तियाला ते त्याच्या चेहऱ्यावर येतानाही दिसलं. त्याने ऐकलं नव्हतं असं आता म्हणता येणार नव्हतं. अख्ख्या आळीने ऐकलं होतं. त्याने छत्री डाव्या हातात घेतली, उजवा पुढे केला आणि प्रावोतोचा हात धरला.

"कबूल, दादा," तो म्हणाला.

दादा हा शब्द त्याने चारचौघांत कधी उच्चारला नव्हता. हापसारीने दोघांच्या जुळलेल्या हातांकडे पाहिलं, मग मुर्तियाच्या ओल्या गालांकडे. तिने हातातली रिकामी वाटी खाली ठेवली. मग म्हणाली, "चला गं, आत चला. नवरीच्या आईला रडायला जरा जागा द्या," आणि बायकांना पुढे घालून ओसरीकडे घेऊन गेली. दुलकामिदने शर्टाच्या खिशातलं कार्ड काढून प्रावोतोच्या खिशात सरकवलं आणि तोही डबा वाजवत निघाला.

मुर्तियाने ते खापर बाकीच्यांत टाकलं नाही, अंगातल्या कबायाच्या आत कमरपट्ट्यात खोचलं.

"उद्या पहाटेची गाडी?" तिने विचारलं.

"दुपारची असेल ना एखादी," प्रावोतो म्हणाला.

तेवढ्यात आतल्या खोलीची खिडकी उघडली. किनांतीचे ओले केस आणि मोगरा दिसला.

"बाबा! माझ्यासाठी दवेत ठेवलंत की सगळं विकलंत?"

अंगणात दोघांनीही वर पाहिलं. सुकार्दीने लगेच मान खाली घातली आणि छत्री मिटायला घेतली. नवी काडी अडकल्यासारखं करून तो बराच वेळ खटपटत राहिला.

प्रावोतोने वाट पाहिली. दुसरं कुणी उत्तर देत नाही हे त्याला उशिरा कळलं.

"ठेवलंय, पोरी," तो म्हणाला, आणि वाकून मडक्याच्या तळाशी उरलेलं वाटीत काढायला लागला.